सड्यावरच्या खळग्यातला वायतुरा: ओळखायचा कसा आणि जपायचा कसा

कोथरूडच्या एका गृहस्थांनी विचारलं आहे. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ते मुळशीच्या पुढे एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट माथ्यावर, गेले होते. तिथे कातळातल्या उथळ डबक्यात पाण्यावर डोकावणारे फिकट गुलाबी-जांभळट तुरे दिसले, प्रत्येक तुरा वर दोन फाट्यांत दुभंगलेला. सोबत दोन फोटो आहेत. त्यांचा प्रश्न असा: "हा दुर्मीळ वायतुराच ना? सड्याच्या कडेला प्लॉटिंगची पाटी लागली आहे. दिवाळीनंतर काम सुरू होणार असं गावात ऐकलं. दोन-चार कंद आणून गच्चीवरच्या टबात लावले तर निदान वाण तरी वाचेल. कंद कसे काढावेत?"

कंद काढू नका. बाकीचं सगळं सविस्तर सांगते, पण हे आधी, कारण पुढच्या सुट्टीला तुम्ही खुरपं घेऊन निघाल अशी मला भीती वाटते.

तुमच्या जागी मी उभी राहून झालेली आहे. सड्यांवर हिंडायला लागले त्या सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका खळग्यातून तीन कंद मी चिखलासकट उचलून आणले होते. सदाशिव पेठेतल्या घराच्या मागच्या अंगणात सिमेंटची टाकी होती, तिच्यात ते लावले. पहिल्या पावसाळ्यात पानं आली, तुरा आला नाही. माती नर्सरीतली, शेणखत घातलेली. महिन्याभरात पाण्यावर शेवाळाची साय धरली. दुसऱ्या वर्षी दोन कंद कुजले, तिसऱ्या वर्षी टाकीत काहीच उगवलं नाही. पण मला जास्त लागलं ते दुसरंच. मी जिथून कंद काढले होते, त्या जागी खळग्यात उघडा कातळ दिसत होता. वरचा गाळ सारा तीन-चार बोटं जाडीचा, त्याला खुरप्याने तोंड पाडल्यावर पुढच्या पावसात तो वाहून गेला. तिथे पुढे कित्येक वर्षं एक पातं उगवलं नाही. तीन कंदांची किंमत तीन झाडं नव्हती, त्या खळग्याचा एक कोपरा होता.

असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण ओळख आणि जपणूक दोन्ही त्याच्यावर उभी आहेत. पाणथळ म्हटलं की पुणेकराला पाषाण तलाव, कवडीपाट, फार तर भिगवण आठवतं. ती बारमाही पाण्याची, गाळाने आणि आता सांडपाण्याने पोसलेली जागा. सड्यावरचं डबकं त्याच्या अगदी उलट. त्याला नदी नाही, झरा नाही. आजूबाजूच्या कातळावरून पाण्याचा जो पातळ पापुद्रा वाहत येतो, तेवढाच त्याचा पुरवठा. पाणी जवळजवळ पावसाचंच, म्हणून त्यात अन्नद्रव्यं फार कमी. याच सड्यांवर सीतेची आसवं आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती फुलतात, त्याचं कारण हेच: मातीतून नत्र मिळत नाही, ते किड्यांतून मिळवावं लागतं. जूनमध्ये पहिल्या जोरदार सरींनी खळगा भरतो, कंदाला कोंब येतो, जुलै-ऑगस्टच्या सुमारास तुरे पाण्याबाहेर येतात. फळं धरली की दांडा झुकून पाण्यात जातो आणि बी तिथेच गाळात पडतं. दसरा-दिवाळीच्या आसपास पाणी आटतं. मग पुढचे सात महिने तो कंद भेगाळलेल्या चिखलात पडून असतो. एप्रिलमध्ये तिथल्या कातळावर तळहात टेकवत नाही इतका तो तापतो. ही झळ त्या झाडाच्या वर्षाचाच एक भाग आहे. टबात आपण नेमकी तीच काढून घेतो आणि वर खत घालतो.

आता ओळख. वायतुरा हे नाव कास पठारामुळे लोकांच्या तोंडी आलं, इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला तुरा म्हणून वायतुरा. शास्त्रीय नाव ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. साताऱ्यावरूनच हे नाव १९८२ मध्ये दिलं गेलं, म्हणजे विज्ञानाला या झाडाची स्वतंत्र जात म्हणून ओळख होऊन अजून अर्धशतकही झालेलं नाही. फक्त सह्याद्रीतली, आणि तीही सड्यांवरच्या अशा उथळ पाण्यातली. पुणे जिल्ह्याच्या हद्दीतल्या एखाद्या खळग्यातली पक्की नोंद म्हणूनच मोलाची आहे, आणि म्हणूनच ती घाईने करायची नाही.

तुमचे दोन्ही फोटो तुऱ्याचे, समोरून आणि जवळून. सुंदर आहेत. पण त्यांत पानं दिसत नाहीत, आणि निम्मी ओळख पानांत आहे. पहिली गल्लत होते ती शेरळीशी. मुळा-मुठेच्या काठाला गुलाबी तुऱ्यांची जी दाट झुडपं दिसतात ती शेरळ. तिचे तुरेही कधी जोडीने येतात, आणि ओढ्याकाठच्या पाण्यात ती अर्धी बुडालेली असली की फोटोत फसगत होते. प्रत्यक्षात फरक सोपा आहे. शेरळीला पेरांचं खोड असतं, पेरापेराला पान, आणि प्रत्येक पेराभोवती कागदासारखी पातळ पिशवी. वायतुऱ्याला असं खोडच नाही. अरुंद, लांबट पानं सगळी तळातून, कंदापासून निघतात आणि तुऱ्याचा दांडा उघडा, बिनपानाचा वर येतो.

दुसरी गल्लत भावकीतली. याच गणातली ॲपोनोजेटॉन नाटन्स ही जात आपल्याकडे तळ्यांत आणि भातखाचरांत उगवते. तिची लांबट अंडाकार पानं पाण्यावर पसरून तरंगतात आणि तुरा एकेरी असतो. मुळशीकडे कातळ आणि खाचरं शेजारी शेजारी आहेत, तेव्हा ही शक्यता मनात ठेवावी. तुमच्या फोटोतले तुरे दोन फाट्यांचे आहेत, त्यामुळे ती बहुधा नाही. तरी नुसत्या फाट्यांवर मी शिक्का मारणार नाही. सह्याद्रीत या गणाच्या आणखीही जाती आहेत. जात ठरवणारे लोक तुऱ्यावरच्या एकेका बारीक फुलात शिरतात: पाकळीसारखे भाग किती (या गणात सहसा दोनच), पुंकेसर किती, एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही आहेत का, फळाला चोच कशी आहे, बीचं साल एकेरी की दुहेरी. यातलं बरंचसं दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाने दिसतं. शास्त्रीय साहित्याच्या दुकानांत असं घडीचं भिंग मिळतं. माझं तीस वर्षांपूर्वीचं अजून गळ्यात असतं.

पुढच्या खेपेला फोटो असे काढा. आधी लांबून, सगळा खळगा आणि भोवतीचा कातळ दिसेल असा. मग एक अख्खं झाड, पाण्यात उतरणाऱ्या पानांसकट. पाणी नितळ असेल तर सकाळी ऊन तिरपं असताना तळ दिसतो. मग तुऱ्याचा फाटा जिथे फुटतो ती जागा, मग एकच फूल, आणि दांडा झुकला असेल तर फळं. प्रत्येक प्रकारच्या एका फोटोत मापाला रुपयाचं नाणं काठावर ठेवा. पाण्याची खोली काडीने मोजून, काडीला पकडलेल्या बोटाचा फोटो काढा. हे सगळं काठावरून, पोटावर आडवं पडून करता येतं. पाण्यात पाय घालू नका. एका बुटाने गाळात पडलेला खड्डा कोवळे कंद दाबून टाकतो, आणि खालच्या माळावरून तळव्याला चिकटून आलेलं तणाचं बी त्या चिखलात रुजतं. मी सड्यावर चढण्याआधी बूट घासून घेते.

शेजारी काय उगवलं आहे तेही टिपा. पांढऱ्या गोंड्यांचे गेंद काठाला आहेत का? निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांचा पट्टा कुठे सुरू होतो, कुठे संपतो? ही झाडं पाण्याच्या मुदतीप्रमाणे रांग धरतात. ओलसर कडेला एक, चार बोटं पाण्यात दुसरं, वीतभर पाण्यात तिसरं. दोन पावलांवरचे दोन खळगे, एक ऑक्टोबरात आटणारा आणि एक डिसेंबरपर्यंत टिकणारा, तर त्यांतली झाडं वेगळी निघतात. खळगा किती दिवस भरलेला राहतो ही नोंद फुलाच्या फोटोइतकीच महत्त्वाची आहे, आणि ती एका सहलीत होत नाही. ती माहिती गुराख्याकडे असते. एका सड्यावर म्हशी राखणाऱ्या मावशींना मी विचारलं होतं, "हे पाणी कधी आटतं हो?" त्या म्हणाल्या, "त्या वरच्या डबऱ्याचं दसऱ्याला. ह्याच्यात दिवाळीची आंघूळ घालतो की म्हशींना." मी तीन वर्षं तारखा लिहीत होते, त्या तिने दोन वाक्यांत सांगितल्या. तुम्हीही विचारा, आणि त्यांनी सांगितलेलं त्यांच्या शब्दांत लिहून ठेवा.

एवढं जमलं की फोटो आणि टिपणं कोरेगाव रोडवरच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राला किंवा गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेला पाठवा. दोन्हीकडे वाळवून जपलेल्या नमुन्यांचे संग्रह आहेत आणि तुलना करून सांगू शकणारी माणसं आहेत. तुमच्या गावात हे दोन्ही आहेत हे भाग्य समजा. सिंधुदुर्गातल्या माणसाला त्यासाठी लांबचा प्रवास करावा लागतो. नमुना घ्यायचा की नाही, घ्यायचा तर किती आणि कोणाच्या परवानगीने, हे त्यांना ठरवू द्या. जमीन वनखात्याची असेल तर परवानगीशिवाय झाड उपटणं गुन्हाही आहे.

जागेचा नेमका पत्ता फक्त त्यांनाच द्या. तुम्ही मला सड्याचं नाव लिहिलं आहे, ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही. एकदा एका भटक्या गटाने फुललेल्या खळग्याचा फोटो नकाशाच्या खुणेसकट टाकला. पुढच्या रविवारी मी गेले तर काठाच्या चिखलात दुचाकीच्या टायरांच्या चाकोऱ्या, फोटोसाठी पाण्यात उतरलेल्यांची पावलं, आणि मोडलेले दांडे पाण्यावर तरंगत होते. त्यांतल्या कोणालाही फुलाचं वाईट करायचं नव्हतं. म्हणून सांगते: मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा, आणि आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकणार असाल तर ठिकाण धूसर करायची सोय आहे, ती वापरा.

आता प्लॉटिंग. इथे बरेच जण कायद्याच्या मागे धावतात आणि दमतात, म्हणून स्पष्ट सांगते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत वनस्पती मोजक्याच आहेत. धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत नाव असणं म्हणजे भारतात कायद्याचं संरक्षण मिळणं नव्हे. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम आहेत, पण देशाच्या पाणथळ नकाशात सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या जागा आखलेल्या आहेत. त्याहून लहान तो नुसता एक ठिपका. आपला खळगा दहा पावलांचा, तोही चार-पाच महिन्यांचा. तो कुठल्याच यादीत येत नाही. आणि सातबारा काढून पाहा, महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर गट क्रमांक टाकला की दिसतो: सड्याची जमीन तिथे बहुतेक वेळा पोटखराब म्हणून लागलेली असते. पीक येत नाही म्हणून खराब. विकत घेणाऱ्यालाही ती रिकामी, निरुपयोगी जमीन वाटते, कारण तो ती जानेवारीत पाहायला येतो, तेव्हा तिथे काळा दगड आणि वाळलेलं गवत असतं.

म्हणून वाट गावातून काढायची. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि गावाची लोकजैवविविधता नोंदवही असते. समिती कागदावरच असेल तर सरपंचांना भेटा, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांना) भेटा, आणि या खळग्यांची नोंद त्या वहीत करून घ्या. २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते, म्हणजे दिवाळीच्या आधीच. पुण्याहून आलेला पाहुणा म्हणून तुम्ही बोलू नका. तिथल्या एखाद्या म्हशी राखणाऱ्या मावशी किंवा गुराखी दादा बोलले, "आमची जनावरं इथं पाणी पितात," तर सभा ऐकते. त्याच कायद्यात जैविक वारसास्थळ जाहीर करायची सोय आहे, आणि जागा लहान म्हणून ती नाकारली जात नाही. २०२१ मध्ये आंबोलीच्या हिरण्यकेशीला, एका देवळाच्या कुंडाला, तिथेच सापडलेल्या एका छोट्या माशासाठी हा दर्जा मिळाला. त्याला वेळ लागतो, अभ्यासकांचा अहवाल लागतो. दिवाळीपूर्वी ते होणार नाही. पण नोंदवहीतली एक ओळ पुढच्या सगळ्याचा पाया होते.

जमीन खाजगी असेल तर मालकाशी बोला, भांडण म्हणून नव्हे. मोठ्या ले-आउटमध्ये मोकळी जागा सोडावीच लागते, ती खळग्याभोवती सोडा असं सुचवा. मात्र एक गोष्ट आग्रहाने सांगा. नुसता खळगा सोडून भोवती भिंत घातली तर तो मरतो. त्याला पाणी देणारा वरचा कातळाचा उतार हा त्याचाच भाग आहे. त्या उतारावरून रस्त्याचं गटार आडवं गेलं की पाणी वळतं, खळगा ऑगस्टमध्येच कोरडा पडतो आणि फळं पिकायच्या आत सगळं संपतं. मुसळधार पावसात तिथे उभं राहून पाणी कुठून कुठे वाहतं ते पाहा आणि हाताने नकाशा काढा. बिल्डरच्या इंजिनिअरला वनस्पतीचं नाव कळलं नाही तरी तो नकाशा कळतो.

प्लॉटिंग टळलं तरी धोका टळत नाही, आणि यात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती चांगल्या मनाने होणाऱ्या कामांची. जूनमध्ये सड्यावर वृक्षारोपणाचे खड्डे घेतात. कातळावर माती नाही म्हणून खालून ट्रॅक्टरने माती आणून टाकतात. पहिल्या पावसात ती माती खळग्यांत उतरते, ते भरून जातात, आणि उरते गवताची दाट गादी. सडा उघडा असतो तो झाडं तोडल्यामुळे नव्हे, तिथे तसंच असायचं असतं. जलसंधारणाचे चर, डबकं खोल करून शेततळं करणं, हेही तसंच: बारमाही पाणी झालं की हंगामी पाण्यातली झाडं जातात. तुमच्या सोसायटीचा किंवा कंपनीचा असा कार्यक्रम त्या बाजूला ठरत असेल तर तो टेकडीच्या खालच्या, माती असलेल्या उतारावर न्यायला लावा. हे एक काम तुम्ही एकट्याने, एका फोनवर करू शकता.

आणि कुंपण मागू नका. कासला कुंपण घातलं होतं, ते पुढे काढलं गेलं. गुरं बंद झाली की गवत माजतं आणि बुटकी फुलझाडं त्याच्याखाली गुदमरतात. खूप गुरं तुडवतात हेही खरं, पण वर्षानुवर्षं जेवढी येत आली तेवढी येऊ द्यावीत. उन्हाळ्यात मात्र गाड्या अडवायला हव्यात. मे महिन्यात खळगा सपाट, कोरडा दिसतो, जीपवाल्याला तो पार्किंगची जागा वाटतो. वाटेच्या तोंडाशी, खळग्यापासून लांब, गावकऱ्यांनी चार मोठे दगड आडवे लावले तरी पुरतं. दगड सड्यावरचे उचलू नका, त्यांच्याखाली विंचू, पाली आणि बेडूक राहतात.

वाण वाचवायची तुमची तळमळ मला समजते. ते काम टबात नाही, पण व्हायला हवं, आणि ते बियांपासून व्हावं. या झाडांचं बी वाळवून डबीत ठेवता येत नाही, ओलं असतानाच ते रुजवावं लागतं, म्हणून ते अनुभवी हातांनीच करावं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात सह्याद्रीतल्या दुर्मीळ वनस्पती वाढवण्याचा मोठा अनुभव आहे. काम खरंच सुरू होणार असं पक्कं झालं, तर तुमच्या नोंदी घेऊन अशा संस्थेला लगेच कळवा. खळगा हलवायची वेळ आलीच तर ती परवानगीने, गाळासकट आणि दुसऱ्या योग्य खळग्याचा शोध घेऊन करायची गोष्ट आहे.

सध्या एवढं करा. पुढच्या रविवारी पुन्हा जा, काठावरून मोजता येतील तेवढे तुरे मोजा, पानांचे फोटो घ्या, सड्यावर असे आणखी खळगे आहेत का ते पाहा. गट क्रमांक गावातच विचारा. दसऱ्याला एकदा, पाणी आटल्यावर एकदा आणि मे महिन्यात एकदा, त्याच जागेवर उभं राहून त्याच दिशेचा फोटो काढा. तो कोरडा फोटो ग्रामसभेत फुलाच्या फोटोशेजारी ठेवायला लागेल. पानांचे फोटो आले की मला पाठवा, मी भिंग घेऊन बसते.